डोंगर हिरवाच का पाहिजे?

मा. संपादकसाहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडं एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, इथल्या निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाबद्दल. त्यांचं म्हणणं असं की आपला पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा एवढा हिरवागार आणि चित्रकार मंडळी डोंगर काढतात तो सगळा करडा, मळकट, उदास, बघून मन प्रसन्न व्हायचं सोडून खट्टू होतं, असली चित्रं घरात लावणार कोण. पत्र कळकळीनं लिहिलेलं होतं, त्यात कुठं कुचकेपणा नव्हता, म्हणून उत्तरही तसंच द्यावं असं वाटलं. मी काही नाव कमावलेला चित्रकार नाही. उभा जन्म ऑफसेट छपाईत गेला, रंगांची ओळख झाली ती शाईच्या डब्यातनं, आणि रविवारी वॉटरकलरची पेटी घेऊन आम्ही काही मित्र डोंगराकडं जातो, एवढंच. पण ह्या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबेल, जमलं तर कापू नका.

लांबचा डोंगर मुळात हिरवा दिसतच नाही, इथनं सुरुवात करतो. पटत नसेल तर आजच करून बघा, खर्च काही नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पांढरा कागद घ्या, पंचिंग मशीननं मधोमध एक भोक पाडा, गच्चीवर जा नाहीतर सरळ टेंबलाईच्या टेकडीवर जा, एक डोळा मिटा, हात लांब करा आणि त्या भोकातनं जोतिबाचा डोंगर धरा. भोकात फक्त डोंगराचा तुकडा आला पाहिजे, वरचं आकाश नको, खालची घरं नकोत, मधली झाडं नकोत. आता पांढऱ्या कागदाच्या मधे जो रंग दिसतोय तो नीट बघा. निळसर करडा असेल, सकाळी जरा जांभळट, एप्रिल-मेच्या दुपारी नुसता धुरकट पांढुरका. मग तेच भोक शेजारच्या कडुलिंबावर न्या, तिथं खराखुरा हिरवा भरेल. परत डोंगरावर या. हा फरक एकदा डोळ्यानं बघितला की चित्रकार खोटं काढतोय असं म्हणवत नाही. आपल्याला डोंगर हिरवा वाटतो कारण आपण तिथं जाऊन आलोय, चैत्रात जोतिबाला चालत गेलोय, पन्हाळ्यावर बसून झुणका-भाकरी खाल्लीय, तिथं झाडं आहेत हे आपल्याला माहीत असतंय, आणि डोळ्याला जे दिसतंय त्याच्यावर डोकं आपल्या माहितीतला हिरवा फासून मोकळं होतंय.

हे होतं मधल्या हवेमुळं. कोल्हापुरातनं पन्हाळ्याकडं बघताना आपण पंधरा-वीस किलोमीटर हवेतनं आरपार बघत असतो आणि हवा काही रिकामी नसते. हवेच्या कणांवर उजेड आपटला की तो इकडं तिकडं फाकतो, त्यात निळा उजेड लालपेक्षा साधारण चौपटीनं जास्त फाकतो, आकाश निळं दिसतं ते ह्याच्यामुळंच, आणि डोंगराच्या पुढं जी हवा उभी आहे ती पण एक पातळ आकाशच की. त्यात धूळ असते, बाष्प असतं, उसाच्या तोडीच्या दिवसात फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर असतो, हे कण मोठे, ते सगळेच रंग सारखे फाकवतात म्हणून त्यांचा पांढरट पडदा तयार होतो. ऑक्टोबरमध्ये पावसानं हवा धुऊन निघालेली असते तेव्हा पन्हाळा एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि उन्हाळ्यात दुपारी तोच डोंगर शोधावा लागतो. लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की जे पाचपट लांब दाखवायचं ते पाचपट निळं करा. म्हणजे चित्रातला करडा-निळा हा चित्रकाराचा उदासपणा नाही, ते अंतर आहे, आणि तो काढून टाकला की डोंगर समोरच्या भिंतीला चिकटवल्यागत दिसतो.

बरं, जवळ गेलो तरी आपला डोंगर बारा महिने हिरवा असतो का? जूनच्या पहिल्या पावसात काळा दगड एकदम काळाकुट्ट होतो, कारण दगडावर पाण्याचा पातळ थर बसला की उजेड आतच अडकतो, परत कमी येतो. जांभ्यावरनं तांबडं पाणी उतरतं. मग जुलै-ऑगस्ट हिरवा, मान्य, आणि त्या हिरव्यातसुद्धा भाताच्या तरव्याचा पोपटी वेगळा, गवताचा वेगळा, राईतल्या जुन्या झाडांचा काळपट वेगळा. गणपतीच्या आसपास मसाई पठारावर सोनकीची पिवळी चादर. दिवाळी झाली की गवत वाळायला लागतं आणि डोंगराचे उतार भुरे होत जातात, कोवळ्या उन्हात सोनेरी म्हणा, ढगाखाली नुसते मातकट. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठं पळस, पांगारा, काटेसावर पेटलेली, आणि शेजारीच वणव्याचे काळे पट्टे. मे महिन्यात वळवाचा ढग चढतो तेव्हाचं दृश्य तर मला सगळ्यात आवडतं, मागं शाईसारखं काळंनिळं आकाश आणि पुढं वाळलेल्या गवताचा डोंगर उन्हात पिवळाधमक, एरवी आकाश उजळ असतं आणि डोंगर गडद असतो, इथं सगळं उलटं होतं, आणि हे पाच-दहा मिनिटं टिकतं. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलाचं वेगळं आहे, तिथली सदाहरित झाडी उन्हाळ्यातही गडद राहते. पण बाकीच्या उघड्या डोंगरांचा हिशेब घातला तर हिरवा हा चार महिन्यांचा पाहुणा आहे.

आता त्या वाचकांच्या पत्रातला खरा मुद्दा, करडा म्हणजे उदास. ह्याच्याशी मी अजिबात सहमत नाही आणि ह्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. करडा आणि उदासी ही जोडी कोणी घालून दिली? वर्षाचे सात-आठ महिने ज्यांच्याकडं थंडी असते, सूर्य दिसत नाही, त्यांना करडं आकाश नकोसं वाटत असेल, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडं मृग निघाल्यावर माणूस दारात उभा राहून पश्चिमेकडं काय बघत असतो? डोंगरावर काळं आलंय का. जुलैमध्ये आभाळ निळंशार, ऊन कडक, डोंगर स्वच्छ दिसतोय, हे चित्र कॅलेंडरला चांगलं, पण ज्याचा तरवा लागणीला आलाय आणि चिखलाला पाणी नाही त्याच्या पोटात त्या निळ्या आभाळानं गोळा येतो. आणि गगनबावड्याकडनं करडा पडदा सरकत सरकत आला, आधी लांबची रांग पुसली, मग मधली पुसली, मग गावामागची टेकडी गेली, की माणसं भिजायच्या आतच हसायला लागतात. आमच्या आजोळी तर म्हातारी माणसं डोंगर दिसत नाही म्हणून खूश व्हायची. तो करडा आपल्यासाठी भाताचा रंग आहे, उसाचा आहे, भरलेल्या विहिरीचा आहे. ज्या चित्रकारानं हा रंग मन लावून काढलाय त्यानं आपल्या सुखाचंच चित्र काढलंय, आणि त्याला आपण सांगतोय की जरा ब्राईट कर.

अर्थात 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर ह्या करड्याला दुसरी पण एक बाजू आलीय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको, 2021 ला तेच परत बघितलं. आता तोच करडा चार-पाच दिवस हलला नाही की आपण डोंगराकडं न बघता मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कुठला रस्ता बंद झाला. म्हणजे रंग तोच आणि मूड दोन, एकदम उलटे. मग चित्रकारानं कुठला मूड आहे ते दाखवायचं कसं? इथं खरी कला लागते, आणि ती हिरवा-तांबडा जास्त घालून येत नाही. आमच्यातला एकजण, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान पण हात पक्का, त्यानं पावसाळ्यात एकाच जागेवरनं एकाच रांगेची दोन चित्रं केली. एकात ढगाच्या खाली आणि डोंगराच्या वर कोमट पिवळसर रंगाची एक बारीक फट ठेवली, बोटभरसुद्धा नाही, आणि खालच्या खाचरातल्या पाण्यात तोच पिवळसर जरा उतरवला. बघितल्याबरोबर वाटतं की पाऊस येऊन गेलाय आणि परत येणार आहे आणि सगळं ठीक आहे. दुसऱ्यात त्यानं ती फट बुजवली, डोंगराची कड ढगात विरघळवून टाकली, करड्यात जरा मातीचा गढूळ रंग मिसळला आणि पाण्याचा रंग आकाशापेक्षा उजळ ठेवला. त्या दुसऱ्या चित्रापुढं उभं राहिलं की छातीत धस्स होतं. सगळे रंग मिळून चार, दोन्हीकडं तेच. मी ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून खूप वेळ बघत बसलो होतो.

हा करडा तयार कसा होतो तेही सांगतो, कारण मळकट म्हणणाऱ्यांना बहुतेक वाटत असेल की काळ्यात पांढरा मिसळला की झालं. तसला करडा मेलेला असतो, चांगला वॉटरकलरवाला तो वापरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस मातकट, हे दोन रंग एकमेकांना मारतात आणि त्यातनं करडा निघतो, निळा जास्त पडला तर थंड, ढगाचा, सिएना जास्त पडला तर उबदार, सुक्या गवताचा. अल्ट्रामरीनचे कण जरा जाड, ते ओल्या कागदाच्या खळग्यात जाऊन बसतात आणि सिएना पसरत राहतो, त्यामुळं वाळल्यावर जवळनं बघितलं तर त्या करड्यात निळे ठिपके निळे दिसतात आणि तांबूस तांबूस दिसतो, लांबनं बघितलं की हवा दिसते. आमच्या ऑफसेटमध्ये पण हेच चालतं, भिंग लावून बघा, करड्याच्या जागी सायन, मॅजेंटा, पिवळ्याचे ठिपके एकमेकांशेजारी बसलेले असतात, म्हणून मला ह्या करड्याचं पहिल्यापासून प्रेम आहे. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या तटावर बसून हे करायचं म्हणजे परीक्षा असते. पहिला वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा थर, आकाशाचा आणि लांबच्या रांगेचा, एकदम पातळ. तो वाळल्याशिवाय दुसरी रांग टाकता येत नाही, आणि हवेत एवढी ओल असते की कागद वाळतच नाही, बोर्ड तिरका धरून वाट बघायची, गाडीचा हीटर लावून त्याच्यापुढं धरणारे पण आहेत. घाई करून ओल्यात ओला टाकला की पाणी मागं सरकून फुलकोबीसारखा डाग उठतो. ज्यांना जमतंय ते मात्र बरोबर त्याच क्षणाला ब्रश टेकवतात, कागदाची चमक गेलीय पण ओल आहे अशा वेळेला, आणि डोंगराची कड ढगात आपोआप विरते. ती कड रंगवलेली नसते, ती होऊ दिलेली असते.

करड्याचं अजून एक काम आहे. पॅरिसमध्ये गोबेलिन्स म्हणून गालिचे-पडदे विणणारा मोठा कारखाना होता, तिथं रंगाईचा प्रमुख शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. काळा रंग फिका येतोय अशी तक्रार त्याच्याकडं आली, त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारी जो रंग विणलेला होता त्याच्यामुळं काळा फिका दिसत होता. ह्या विषयावर त्यानं 1839 साली मोठा ग्रंथ काढला. कुठलाही रंग एकटा नसतो, शेजाऱ्यामुळं तो बदलतो, हे त्याचं सार. आता आपल्या डोंगराला लावा. सगळं चित्र हिरवं-निळं-तांबडं भडक असेल तर पळसाचा तांबडा दिसणारच नाही, तो गर्दीतला एक होऊन जाणार. पण मागं करडा डोंगर, करडी झाडी आणि पुढं एकच पळस, तर तो नुसता कुंकवाएवढा टिपका असला तरी चित्राच्या बाहेर येतो. मार्च महिन्यात बांबवड्याकडनं आंबा घाटाला जाताना हे डोळ्यापुढं असतंच, फक्त गाडीतनं बघायचं लक्षात राहत नाही.

आणि कोल्हापूरला हे सगळं नवीन आहे का हो? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले आबालाल रहिमान, राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, इथल्या कोटीतीर्थ तळ्याच्या काठावर फकिरासारखे राहिले आणि तिथलं पाणी, झाडं, उजेड रंगवत बसले. 1922 ला महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं आपल्याकडं सांगतात, 1931 ला ते स्वतः गेले. त्यांची जी निसर्गचित्रं शिल्लक आहेत त्यात भडकपणा शोधून सापडत नाही, सगळी गंमत दबक्या रंगात आणि उजेडात आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवले, आणि पडदा रंगवणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकावं लागतं की मागचं जे आहे ते दाबलं नाही तर पुढचा नट दिसायचा नाही. चंद्रकांत मांडरे यांना लोक सिनेमातले म्हणून ओळखतात, पण राजारामपुरीत त्यांचं संग्रहालय आहे तिथं एकदा सवडीनं जा. त्यांचं पावडर शेडिंग बघा. ब्रश नाही, पाणी नाही, पावडर कागदावर घासत घासत उजेड-सावली उठवायची, आणि त्यातनं केलेली निसर्गचित्रं बघताना रंगाची भूक लागत नाही. पोरांना घेऊन जा, खरंच सांगतोय. कोल्हापूर म्हणजे कुस्ती, मिसळ आणि चप्पल एवढंच सांगायची सवय लागलीय आपल्याला, कलापूर हे नाव आपण फक्त भाषणात वापरतो.

काहीजण म्हणतील की मग हिमालयाची चित्रं बघा, तिथं कसे जांभळे, गुलाबी, निळेशार डोंगर असतात. असतात. निकोलस रोरिक हा रशियन चित्रकार 1928 ला कुलूच्या खोऱ्यात नग्गरला येऊन राहिला आणि 1947 ला तिथंच वारला, त्यानं हिमालय शेवटपर्यंत टेम्पेरा नावाच्या जुन्या पद्धतीच्या रंगात रंगवला आणि त्याचे निळे-जांभळे बघून माणूस थक्क होतो. पण तिथली हवा विरळ आणि कोरडी, मधे धूळ-बाष्प कमी, आणि वर बर्फ. बर्फाला स्वतःचा रंग नाही, पडेल त्या उजेडाचा रंग तो घेतो, सकाळ-संध्याकाळ गुलाबी, सावलीत आकाशाचा निळा. तो रंग तिथल्या दगडाचा आणि हवेचा आहे. आपला दगड बसाल्ट, काळा, तो उजेड खाऊन टाकतो, त्याच्यावर रोरिकचा जांभळा फासला तर ते सह्याद्रीचं चित्र होत नाही. फ्रान्समध्ये सेझाननं सेंट व्हिक्टोयर नावाचा एकच डोंगर आयुष्यभर परत परत काढला, तो चुनखडीचा, पांढुरका, त्यामुळं त्याच्यावर निळा, गुलाबी, पिवळा सगळं उठतं. 1906 ला उघड्यावर चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला, आजारी पडला आणि काही दिवसांत गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की दुसरा डोंगर काढ. आणि ज्यांना वाटतं मूड रंगाशिवाय येत नाही त्यांच्यासाठी चीनचा कुओ शी, अकराव्या शतकातला, तो जवळजवळ नुसत्या काळ्या शाईत डोंगर काढायचा. त्यानं सांगून ठेवलंय की वसंतातला डोंगर हसतो, उन्हाळ्यातला ठिबकतो, शरदातला नटतो आणि हिवाळ्यातला झोपतो. हे सगळं एका शाईत, कमी-जास्त पाणी घालून.

संध्याकाळच्या चित्रांबद्दल एक छोटी गोष्ट राहिली. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं 1825 च्या सुमारास नोंदवलंय की उजेड कमी झाला की डोळ्याला तांबडे रंग आधी काळे पडतात आणि निळे-हिरवे उशिरापर्यंत दिसत राहतात. पन्हाळ्यावर सूर्य बुडाल्यावर थांबून बघा, जांभ्याचा तांबडा सगळ्यात आधी विझतो आणि गवताचा थंड हिरवा-निळा मागं राहतो. म्हणून सूर्य गेल्यानंतरच्या चित्रात केशरी पेटलेला रस्ता दिसला की मला कळतं हे फोटोवरनं केलंय, तो पण फिल्टर मारलेल्या फोटोवरनं.

आणि इथं, साहेब, आपल्या धंद्याबद्दल बोलायलाच पाहिजे. त्या वाचकांनी प्रदर्शन प्रत्यक्ष बघितलं की पेपरातले फोटो बघितले हे पत्रावरनं कळत नाही, पण फोटो बघून मत झालं असेल तर त्यांचा दोष नाही. न्यूजप्रिंट, म्हणजे पेपरचा कागद, शाई पितो, ठिपका टाकावा तेवढा राहत नाही, पसरतो, आणि सगळ्यात पहिला बळी जातो तो करड्याचाच. तीन शाया जुळून करडा होतो, त्यातली एक जराशी वर-खाली झाली की डोंगर गुलाबी नाहीतर शेवाळी. मग कोणीतरी म्हणतो फोटो डल येतोय, सॅच्युरेशन वाढव, कॉन्ट्रास्ट वाढव, आणि चित्रकारानं दहा वॉश देऊन जी हवा तयार केलेली असते ती एका क्लिकमध्ये उडते. मी स्वतः छपाईत असल्यानं हे किती सहज होतं ते मला माहीत आहे, आणि ज्याचं चित्र असतं त्याला दुसऱ्या दिवशी पेपर उघडल्यावर काय वाटतं तेही मी बघितलंय. मोबाईलचं तर विचारूच नका, कॅमेराच परस्पर ठरवतो की हे गवत आहे, मग हिरवा वाढवूया, हे आकाश आहे, मग निळा वाढवूया. पोरांच्या डोळ्याला आता तोच डोंगर खरा वाटतो आणि समोरचा फिका. एका शाळेतल्या चित्रकला स्पर्धेत मी बघितलं, एका मुलीनं पावसातला डोंगर इतका सुंदर करडा केला होता, पाण्यात भिजलेला, आणि परीक्षकांनी तो बाजूला ठेवून हिरवे त्रिकोण आणि मधे सूर्य अशा चित्राला नंबर दिला, वर तिला सांगितलं रंग भर. ती मुलगी नववीत होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. निसर्गचित्र छापाल तेव्हा ते मूळ चित्राशेजारी ठेवून जुळवा, वाढवू नका, फिकं आलं तर फिकं येऊ द्या. खाली चित्रकाराच्या नावाबरोबर माध्यम, चित्राचा आकार, जागा आणि महिना छापा, म्हणजे वाचकाला कळेल की हा जुलैतला गगनबावडा आहे, मार्चमधला नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीला बसवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की मुलांना एकदा वर्गाबाहेर काढा आणि ते भोक पाडलेलं कार्ड हातात द्या, तासाभराचं काम आहे. आणि रविवारच्या पुरवणीत वर्षभर महिन्याला एक अशी डोंगराची चित्रं देता आली तर बघा, जागा एकच, समजा रंकाळ्यावरनं पश्चिमेची रांग नाहीतर केर्लीच्या वळणावरनं जोतिबा, चित्रकार दर महिन्याला वेगळा. आमच्या गटातले सगळे चित्रं द्यायला तयार आहेत, मानधन नको, आणि चार कलरचं जुळवून द्यायला मी स्वतः प्रेसमध्ये येऊन बसतो, रात्रपाळी असली तरी चालेल. ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांनाही आमच्याबरोबर यायचं असेल तर रविवारी सकाळी जरूर यावं, तुमच्या कचेरीत निरोप ठेवला तरी पोचेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर